मस्कीचे आमिष आणि लाल रंगाविषयीचा गैरसमज

उत्तर अमेरिकेतील मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी कृत्रिम आमिष निवडताना लाल-नारिंगी रंग टाळावा, कारण पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे स्वच्छ, निळसर पाण्यापुरतेच खरे आहे. विस्कॉन्सिनमधील चिपेवा फ्लोएजसारख्या जलाशयांत दलदलीतून आणि जंगलांतून झिरपणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांमुळे पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी झालेले असते. ही द्रव्ये निळा व जांभळा प्रकाश आधी शोषून घेतात आणि लाल-नारिंगी प्रकाश त्यातल्या त्यात खोलवर पोहोचतो, म्हणून तेथे निळे आमिष काळपट पडते, तर नारिंगी पोटाचे आमिष उठून दिसते. शिवाय मस्कीची बरीचशी आमिषे पृष्ठभागाजवळूनच ओढली जातात, आणि तेवढ्या खोलीवर स्वच्छ पाण्यातही लाल रंग पुरता विझत नाही. संध्याकाळी तर रंग मागे पडून आकृतीलाच महत्त्व येते, कारण खालून पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळे आमिष सर्वांत ठळक दिसते. माझ्या मते रंगांचे ठोकताळे पाठ करण्यापेक्षा पांढरे आमिष नावेच्या कडेने हातभर खोल सोडून पाहावे. ते पिवळट-तपकिरी दिसू लागले, तर नारिंगी किंवा तांबूस आमिष बिनधास्त लावावे.