हलचे कोठार राजाचे की राज्याचे?

इंग्लंडच्या यादवी युद्धाचा आरंभ 22 ऑगस्ट 1642 पासून धरतात. त्या दिवशी राजा पहिल्या चार्ल्सने नॉटिंगहॅम येथे आपले निशाण उभारले. मात्र त्याच्या चार महिने आधीच, यॉर्कशायरमधील हल बंदराच्या वेशीवर, राजा आणि पार्लमेंट दारूगोळ्यासाठी उघडपणे समोरासमोर आले होते.

1639 आणि 1640 मध्ये चार्ल्सने स्कॉटलंडवर काढलेल्या मोहिमा फसल्या, आणि त्यांसाठी जमवलेला शस्त्रसाठा हलमध्ये पडून राहिला. सुमारे 120 तोफा, दारूची 7,000 पिंपे आणि हजारो सैनिकांना पुरतील इतकी हत्यारे असलेले हे कोठार लंडनच्या टॉवर या किल्ल्याखालोखाल देशात सर्वांत मोठे होते. ऑक्टोबर 1641 मध्ये आयर्लंडमध्ये उठाव झाला. तो मोडण्यासाठी फौज हवी याबद्दल दुमत नव्हते, पण तीच फौज उद्या राजा आपल्यावर घालील, ही पार्लमेंटची भीती होती. जानेवारी 1642 मध्ये राजा स्वतः शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला सभागृहात शिरला, तेव्हा ती भीती अनाठायी नव्हती हे दिसले. त्यानंतर राजाने हलचा गव्हर्नर म्हणून अर्ल ऑफ न्यूकॅसलला नेमले, तर पार्लमेंटने सर जॉन हॉथमला; शहर हॉथमच्या ताब्यात आले. मार्चमध्ये पार्लमेंटने राजाच्या संमतीवाचूनच नागरी सेनेवरील अधिकार स्वतःकडे घेतला.

23 एप्रिलला चार्ल्स सुमारे 300 स्वारांसह हलला पोहोचला. त्याचा आठ वर्षांचा मुलगा जेम्स आदल्याच दिवशी पाहुणा म्हणून शहरात आला होता. तरीही बेव्हर्ली वेस बंद होती आणि उचलपूल वर ओढलेला होता. हॉथमने तटावरूनच राजाची क्षमा मागितली, पण पार्लमेंटच्या आज्ञेवाचून एवढ्या लोकांना आत घेता येणार नाही, हे तो सोडेना. बराच वेळ ताटकळल्यावर राजाने त्याला राजद्रोही ठरवले आणि तो माघारी फिरला.

पुढच्या महिन्यात दोन्ही बाजूंनी जाहीरनामे निघाले, आणि माझ्या मते या प्रकरणाचे खरे महत्त्व त्यांतच आहे. एखाद्या प्रजाजनाचे घर किंवा जमीन जशी त्याची, तसे हल आणि तेथील शस्त्रे माझी, असे राजाचे म्हणणे होते. शिवाय ती आपल्या पैशाने घेतली आहेत, असाही त्याचा दावा होता. पार्लमेंटचे उत्तर असे की, शहरे, किल्ले आणि दारूगोळा राजाकडे राज्याच्या वतीने सोपवलेला असतो. विश्वस्ताला ठेवीचा मालक म्हणता येत नाही, आणि ठेव धोक्यात आली तर ती राखणे हे पार्लमेंटचे कर्तव्य ठरते. राजाच्या नावाने राजालाच अडवण्याची ही भूमिका तेव्हाच्या अनेक सच्च्या राजनिष्ठांना पचली नाही, आणि मध्यममार्गी माणसे चार्ल्सकडे वळू लागली.

हलचा बहुतेक साठा पार्लमेंटने जहाजांनी लंडनला हलवला. राणी हेन्रिएटा मारिया फेब्रुवारीतच राजघराण्याचे जडजवाहीर घेऊन हॉलंडला गेली होती. ते विकून आणि गहाण टाकून ती शस्त्रे जमवत राहिली. तरीही नॉटिंगहॅमला निशाण उभारल्यावर राजाला आजूबाजूच्या परगण्यांतील नागरी सैनिकांची हत्यारे काढून आपल्या शिपायांच्या हाती द्यावी लागली.