मृत समुद्राच्या गुंडाळ्या आणि नाग हम्मादीची हस्तलिखिते

मृत समुद्राच्या गुंडाळ्यांमध्ये येशूची दडवलेली शुभवर्तमाने (त्याचे जीवन व शिकवण सांगणारे ग्रंथ) सापडली, असे विधान अनेकदा वाचनात येते. त्यात दोन निरनिराळ्या शोधांची सरमिसळ झालेली असते. ती होणे स्वाभाविक आहे, कारण नाग हम्मादीचा साठा डिसेंबर १९४५ मध्ये दक्षिण इजिप्तमधील शेतकऱ्यांना मिळाला, त्यानंतर साधारण वर्षभरातच मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील पहिल्या गुंडाळ्या भटक्या बेदुइन मेंढपाळांच्या हाती लागल्या, आणि दोन्हीकडे हस्तलिखिते मातीच्या रांजणांत होती.

कुमरानच्या ११ गुहांतून १९५६ पर्यंत नऊशेहून अधिक हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. ती बहुतांशी चर्मपत्रावर, मुख्यतः हिब्रूत आणि काही अरामी व ग्रीक भाषांत लिहिलेली असून इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इ.स.च्या पहिल्या शतकापर्यंतची आहेत. येशूचा त्यांत उल्लेखही नाही. त्यांचे खरे मोल बायबलच्या जुन्या कराराच्या पाठासंबंधी आहे. त्यातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची सुमारे सव्वासात मीटर लांबीची अखंड गुंडाळी तोवर हाताशी असलेल्या दहाव्या-अकराव्या शतकांतील प्रमुख हिब्रू प्रतींपेक्षा हजार वर्षांनी जुनी आहे. तरीही शुद्धलेखनातील व शब्दांतील असंख्य बारीक फरक सोडता मजकूर मोठ्या प्रमाणात तोच आहे. मात्र एवढ्यावरून ‘एक अक्षरही बदलले नाही’ म्हणणे घाईचे ठरेल, कारण यिर्मयाच्या ग्रंथाचे तेथीलच काही तुकडे प्राचीन ग्रीक भाषांतरातील आखूड पाठाशी जुळतात.

नाग हम्मादीला गुंडाळी एकही नाही. तेथे पपायरसची (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाची) पाने शिवून चामड्याच्या वेष्टनात बांधलेले ग्रंथ मिळाले: १२ ग्रंथ आणि तेराव्याची काही पाने. भाषा कॉप्टिक (प्राचीन इजिप्ती भाषेचे उत्तरकालीन रूप), काळ इ.स.चे चौथे शतक. दडवलेली म्हणून सांगितली जाणारी शुभवर्तमाने येथली. त्यांतील थोमाच्या नावावरील शुभवर्तमानात येशूची ११४ वचने आहेत, पण जन्माची वा क्रूसाची कथा नाही. बहुतेक लेखन ग्नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती मानणाऱ्या, विचारांचे, मूळ ग्रीकवरून भाषांतरित. याच साठ्यात प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा एक उताराही आहे, हे पाहता तो केवळ बायबलबाह्य ग्रंथांचा संग्रह म्हणणेही अपुरे आहे. काळ ठरवण्यास वेष्टनांचाच उपयोग झाला: ती कडक करण्यासाठी आत चिकटवलेल्या रद्दी पपायरसवर चौथ्या शतकातील तारखा निघाल्या.