टक्करीचे दोन हिशेब

नववीच्या विज्ञानात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत येतो: वस्तुमान गुणिले वेग, दिशेसह, म्हणजे संवेग, आणि टकरीआधी व नंतर त्याची बेरीज तेवढीच राहते. त्यावरची गणितं सोडवताना मुलांचं हमखास चुकतं ते उलट्या दिशेचं उणे चिन्ह. त्यांना फार बोल लावू नये, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तही तिथेच चुकला होता.

१६४४ साली देकार्तने मांडलं की विश्वातली एकूण गती कायम असते आणि ती मोजायची आकारमान गुणिले वेग अशी. दिशा कुठेच नाही. त्यावरून त्याने टकरींचे सात नियम काढले. त्यातला चौथा म्हणतो की लहान वस्तू कितीही वेगाने येऊन आदळली, तरी स्थिर असलेली मोठी वस्तू जागची हलणार नाही. हलक्या सोंगटीच्या धक्क्याने जड स्ट्रायकर सरकलेला कॅरम खेळणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. अनुभव उलटा दिसतो हे देकार्तलाही ठाऊक होतं. भोवतालचे पदार्थ मध्ये लुडबुड करतात, अशी त्याची सारवासारव.

हा गुंता सोडवला हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने, तोही निव्वळ विचाराने. कालव्यातून संथ जाणाऱ्या नावेत एक माणूस उभा आहे. त्याच्या दोन्ही हातांत दोरीला टांगलेले सारखेच टणक गोळे. तो ते सारख्या वेगाने एकमेकांवर आदळवतो. गोळे त्याच वेगाने उलटे फिरतात. इथवर कुणाचाच वाद नाही. आता नावेचा वेगही हातांच्या वेगाइतकाच धरा आणि काठावर जाऊन बघा. काठावरच्याला एक गोळा स्थिर दिसतो, दुसरा दुप्पट वेगाने येतो. टक्कर झाली की आलेला थांबतो आणि थांबलेला तो सगळा वेग घेऊन निघतो. टक्कर एकच, फक्त पाहणारा बदलला! वजनं वेगळी असली तरी हीच युक्ती पुढे नेता येते.

लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने १६६८ मध्ये हा प्रश्न हाती घेतला. इंग्लंडच्या वॉलिसने टकरीनंतर चिकटणाऱ्या वस्तूंचा विचार केला, तर तिथल्याच रेनने आणि हायगेन्सने उसळणाऱ्या वस्तूंचा. सोसायटीच्या नियतकालिकात आधी वॉलिस आणि रेन छापले गेले, हायगेन्स मागे राहिला. चिडून त्याने १६६९ च्या मार्चमध्ये पॅरिसच्या नियतकालिकात आपले नियम छापले. त्यात दोन्ही हिशेब होते: विरुद्ध दिशेची गती वजा केली तर बाकी, म्हणजे आजचा संवेग, कायम राहते, आणि टणक वस्तूंच्या टकरीत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यांची बेरीजही कायम राहते.

न्यूटनने हे लंबक टांगून तपासलं, हवेचा रोधही हिशेबात धरला. काचेचे गोळे जवळ आले त्या वेगाच्या १५/१६ वेगाने दूर गेले, लोकरीचे ५/९ ने. पहिला हिशेब दोन्हीकडे जुळला. दुसरा मात्र लोकरीत साफ कोलमडतो.

म्हणूनच दुसऱ्यावरून भांडण पेटलं. १६८६ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने वेगाच्या वर्गाची बाजू घेतली आणि देकार्तच्या अनुयायांशी दीर्घ वाद सुरू झाला. हॉलंडच्या स'ग्रावेसांदने पितळी गोळे मऊ मातीत टाकून खळगे पाहिले: वेग दुप्पट, तर खळगा चौपट. या प्रयोगाचं मोल ओळखून एमिली द्यु शातलेने १७४० च्या आपल्या पुस्तकात लायब्निट्झची बाजू मांडली. न्यूटनच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर करणारी ती हीच. माझ्या मते, पाठ्यपुस्तकात तिचं नाव यायला हवं होतं.

पण मातीचे दोन सारखे गोळे समोरासमोर आदळून थबकले, तर तो वर्ग गेला कुठे? वस्तूच्या आतल्या बारीक कणांत, असं लायब्निट्झ म्हणत होता, पण दाखवणार कसं? उत्तर मिळायला १८४० चं दशक उजाडलं, इंग्लंडच्या जूलने काम आणि उष्णता यांचं प्रमाण मोजलं तेव्हा: हरवलेला वर्ग उष्णता झालेला असतो. त्याआधी १८२९ मध्ये फ्रान्सच्या कोरिओलिसने वर्गापुढे अर्धा जोडला होता, तीच आजची गतिज ऊर्जा.

१९३२ मध्ये केंब्रिजला भौतिकशास्त्रज्ञ चॅडविकपुढे एक अदृश्य कण होता. त्या कणाच्या धडकेने हायड्रोजन आणि नायट्रोजनची अणुकेंद्रकं किती वेगाने उडतात, एवढंच कळत होतं. संवेग आणि ऊर्जा, दोन्ही हिशेब एकदम लावल्यावर त्या कणाचं वस्तुमान प्रोटॉनच्या जवळपास निघालं. तो न्यूट्रॉन.