ग्रेडियंटचा हुक वेगळा, ठेवीचा हुक वेगळा

रविवारी धरमपेठेत एका पोरानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. संत्र्यांच्या फोटोंवर पायटॉर्च या लायब्ररीत मॉडेल शिकवताना जीपीयूची (ग्राफिक्स चिपची) मेमरी संपत होती, आणि ती वाचवायला त्यानं टेन्सरवर (आकड्यांच्या सारणीवर) रजिस्टर हुक लावला होता. हा घोळ बघून बघून मी कंटाळलोय. नावात 'हुक' (हिशेबाच्या मध्येच आपलं फंक्शन अडकवायची सोय) आहे म्हणून रजिस्टर हुक आणि सेव्ह्ड टेन्सर्स हुक एक होत नाहीत.

रजिस्टर हुकचं काम एवढंच: ग्रेडियंट (इनपुट जरा बदललं तर उत्तर किती बदलतं, तो दर) आला की बघायचा, हवा तर बदलून द्यायचा. मेमरीतल्या ठेवीशी त्याचा संबंध नाही.

पायटॉर्च १.१० मध्ये, २०२१ साली आलेला सेव्ह्ड टेन्सर्स हुक ग्रेडियंटला हातच लावत नाही. फॉरवर्ड (इनपुटवरून उत्तर काढणं) चालताना ऑटोग्रॅड, म्हणजे ग्रेडियंट आपोआप काढणारी पायटॉर्चची यंत्रणा, पुढच्या हिशेबासाठी काही टेन्सर जपून ठेवतं; ती ठेव कुठे आणि कशी ठेवायची, एवढंच तो ठरवतो. स्टेशनवरच्या क्लोकरूमसारखं. त्याची दोन फंक्शन्स: पॅक बॅग घेऊन चिठ्ठी देतो, अनपॅक चिठ्ठी बघून बॅग परत करतो. चिठ्ठी म्हणून डिस्कवरच्या फाइलचं नावही चालतं.

आता आकडे बघा. क्ष = ५. क्ष गुणिले क्ष केलं की ग्रेडियंट १०. रजिस्टर हुकमध्ये दुप्पट केला तर २०. अनपॅकमध्ये ठेव दुप्पट करून दिली तरी २०! इथेच घात होतो. लोक म्हणतात, बघा, एकच आहे. मग पॉव (घाताचं फंक्शन) वापरून क्षचा घन करा. खरा ग्रेडियंट ७५. रजिस्टर हुकनं १५०. अनपॅकनं मात्र ३००, कारण तीन क्ष वर्ग या सूत्रात ५ ऐवजी १० गेले. तोच घन क्ष गुणिले क्ष गुणिले क्ष असा लिहिलात तर रजिस्टर हुकचे १५० तसेच राहतात, पण अनपॅकचे २५० होतात, कारण आता ठेवलेल्या वस्तूच वेगळ्या आहेत: चार ठेवी, त्यातली एक २५ ची. आणि या सगळ्यात फॉरवर्डचं उत्तर १२५च येतं. लॉस (मॉडेलच्या चुकीचा आकडा) बरोबर दिसतो, ग्रेडियंट बिघडलेला असतो. म्हणून पॅकमध्ये अचूकता कमी करून साठवणाऱ्यांनी पहिले ग्रेडियंट ताडून पाहावा, मगच ट्रेनिंग लावावं.

हा हुक पायथनच्या विथ ब्लॉकनं लावतात; त्या ब्लॉकमध्ये फॉरवर्ड हवा. बॅकवर्ड (उलट जाऊन ग्रेडियंट काढणं) बाहेर असला तरी चालतो. उलट केलंत तर काहीच होत नाही. पॅककडे आलेला टेन्सर पॅकनं जसाच्या तसा परत देऊ नका, डिटॅच करून (ऑटोग्रॅडच्या साखळीतून सोडवून) द्या, नाहीतर संदर्भांचं चक्र तयार होतं आणि मेमरी अडकते.

नुसती मेमरी हवी असेल तर स्वतःचा हुक लिहूच नका, ठेव सीपीयूच्या मेमरीत हलवणारा तयार सेव्ह ऑन सीपीयू घ्या. त्यात वेट्सही (मॉडेलनं शिकलेले आकडेही) उगाच सीपीयूवर कॉपी होतात, म्हणून मी अख्खं मॉडेल गुंडाळत नाही. त्या पोराच्या मॉडेलमध्ये सुरुवातीचे मोठ्या फीचर मॅपवाले (थरातून निघणाऱ्या मोठ्या टेन्सरवाले) थर तेवढे विथमध्ये घेतले, पिन मेमरी (कॉपी लवकर व्हावी म्हणूनची सेटिंग) लावली. वेग थोडा पडला, पण मेमरीची एरर गेली.