तोच बॉयलर, वेगळी चाकं: डब्ल्यूजी इंजिनाची गोष्ट

मालगाडीचं इंजिन जास्त ताकदीचं, म्हणजे त्याचा बॉयलर मोठा असणार, असं भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातही सर्रास बोललं जातं. वाफेच्या जमान्यातले आकडे पाहिले की हा समज टिकत नाही. एक्स्प्रेस ओढणारं डब्ल्यूपी आणि माल ओढणारं डब्ल्यूजी, दोघांचा बॉयलर एकाच नमुन्याचा. वाफेचा दाबही तोच, दर चौरस इंचाला 210 पौंड. खरा फरक बॉयलरच्या खाली आहे, आणि या इंजिनाची सगळी हुशारी मला तिथेच दिसते.

डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, जी म्हणजे गुड्स. पहिली डब्ल्यूजी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यातून आली. चित्तरंजनच्या कारखान्याने 1 नोव्हेंबर 1950 रोजी देशाला दिलेलं पहिलं इंजिन 'देशबंधू', तेही डब्ल्यूजीच. 1970 पर्यंत अशी 2450 इंजिनं झाली.

आता चाकांकडे या. डब्ल्यूजीच्या सिलिंडरचा व्यास सुमारे 556 मिलिमीटर. पूर्ण दाबाची वाफ आत शिरली की दट्ट्यावर साधारण 35 टनांचा रेटा येतो. हा रेटा दांड्यातून चाकाला मिळतो. चाक जितकं लहान, तितका रुळावर मिळणारा ओढा, म्हणजे ओढण्याची ताकद, जास्त. मात्र तेवढंच अंतर कापायला फेरे जास्त घ्यावे लागतात, म्हणून वेग कमी. डब्ल्यूपीची चाकं 1705 मिलिमीटरची, डब्ल्यूजीची 1562 ची. सिलिंडरही थोडा रुंद. परिणामी डब्ल्यूपीचा ओढा सुमारे 13.9 टन, तर डब्ल्यूजीचा 17.6 टन.

मग चाक आणखी लहान, सिलिंडर आणखी मोठा का नाही केला? कारण ओढा शेवटी रूळ देतो. लोखंडावर लोखंड, चाक रुळाला किती धरून राहील हे त्याच्यावरच्या वजनावर ठरतं. बरा रूळ असेल तर वाफेच्या इंजिनाला त्या वजनाच्या साधारण चौथ्या भागाइतका ओढा मिळतो, त्यापुढे चाक जागीच गरगरतं. वजन मनमानी वाढवता येत नाही, पूल आणि रूळ एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी बसवलेल्या दांड्यावर, ठरावीक भारच सोसतात. इथे तो 18.5 टन होता. म्हणून आस वाढवले: डब्ल्यूपीला ओढणारे आस तीन, डब्ल्यूजीला चार. चार आसांचं वजन 74 टन, ओढा 17.6. भागाकार करून पाहा, 0.24 येतो. डब्ल्यूपीसाठी केला तर 0.25. एवढा बारीक हिशेब मला फार सुंदर वाटतो.

पण हा सरासरीचा हिशेब. दोन बाजूंचे दांडे एकमेकांशी काटकोनात असतात, त्यामुळे एका फेऱ्यात रेटा चार वेळा चढतो आणि उतरतो. सरासरी ठीक असली तरी चढाच्या क्षणी मर्यादा ओलांडते आणि चाक सुटतं. सुटलं की घर्षण आणखी घटतं, कारण घसरत्या पृष्ठभागांचं घर्षण स्थिर पृष्ठभागांपेक्षा कमी असतं. चाक अधिकच भरधाव फिरतं, धुराड्यातून येणारे सुटे ठोके एकमेकांत मिसळून गर्जना होते. ड्रायव्हरने त्याच क्षणी रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या वाफेची झडप, मिटायचा, मग चाकापुढे वाळू सोडून हळूच उघडायचा.

भुरभुर पावसात हे जास्त घडतं. धो-धो पाऊस रुळावरची तेलकट काजळी धुऊन नेतो, भुरभुर तिचा चिकट लेप करते. एखाद्या चढावर गाड्या वारंवार अडकल्या की जागेला बाधा आहे म्हणून लिंबू-नारळ ठेवणारे असतात. तिथला चढ मोजावा, रूळ पुसून पाहावा. शंभराला एक असा चढ प्रत्येक टन मालामागे 10 किलो जादा ओढा मागतो. बाधा म्हणतात ती यातच सापडेल.

भुसावळहून रूळ नागपूरकडे आणि खंडव्याकडे फुटतात. सावदा, रावेरच्या केळीच्या वाघिणी खंडव्याच्या वाटेने उत्तरेत जायच्या. साठच्या दशकाच्या अखेरीस इगतपुरीकडून विजेच्या तारा भुसावळपर्यंत आल्या. 1970 मध्ये चित्तरंजनहून 'अंतिम सितारा' ही शेवटची डब्ल्यूजी निघाली आणि नव्वदीच्या मध्याला ब्रॉडगेजवरची वाफ संपली. वाफेचं इंजिन जळणातली दहा टक्केही ऊर्जा ओढ्यात आणत नव्हतं, हे मोठं कारण. दुसरं कारण चाकातच आहे. विजेच्या मोटरचा रेटा एकसारखा असतो, सुटणारं चाक क्षणात आवरता येतं. विजेवरच्या मालवाहू डब्ल्यूएजी-9 इंजिनाचं वजन मुळात 123 टन आणि सुरुवातीचा ओढा सुमारे 47 टन, भागाकार 0.38.