इंदूर विमानतळावरून परगावी गाडी: ठरवण्यापूर्वी वाचावे

नमस्कार.

आमच्याकडे गाडी ठरवणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवतो. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरून थेट उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू, देवास किंवा भोपाळला जायचं असेल, तर पैसे नेमके कशाचे लागतात आणि कोणत्या गोष्टी फोनवर आधीच बोलून घ्याव्यात, एवढंच यात आहे. आमचे बरेच ग्राहक पुण्या-मुंबईकडून देवदर्शनाला येणारे. काहींच्या बाबतीत गाडी ठरवतो परदेशातला मुलगा आणि तिच्यात बसतात इंदूरच्या सुदामा नगरातले आईवडील. अशा वेळी पत्रक कृपया आईवडिलांनाही पाठवा. भाडं मुलाला ठाऊक आणि ड्रायव्हरशी बोलणार बाबा, तिथेच घोटाळे होतात.

ट्रान्सफर घ्यायची की दिवसाची गाडी?

सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी. ट्रान्सफर म्हणजे विमानतळ ते ठरलेला पत्ता, ठोक भाड्यात. तुम्हाला दारात सोडलं की गाडीचं काम संपलं. आउटस्टेशन म्हणजे गाडी दिवसावर घेतलेली. तिच्यात दिवसाला किमान २५० किलोमीटर धरले जातात. गाडी कमी चालली तरी हिशेब अडीचशेचाच.

उज्जैन विमानतळापासून साधारण ५५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ११०. ज्याला फक्त हॉटेलवर पोहोचायचं आहे त्याने दिवसाची गाडी घेतली, तर न चाललेल्या १४० किलोमीटरचे पैसे त्याच्या खिशातून गेले. उलट दोन दिवसांत उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वर करायचं असेल, तर तुकड्या-तुकड्याने ट्रान्सफर घेऊ नका, महाग पडेल. तिथे दिवसाचीच गाडी घ्या. फोनवर तुम्ही ‘गाडी हवी’ एवढंच म्हणालात, तर काय स्वस्त पडेल ते आम्हाला सांगता येत नाही. सगळा बेत सांगा.

‘एका बाजूचं भाडं दोन्ही बाजूंच्या निम्मं का नाही?’ हा प्रश्न रोजचा आहे. कारण तुम्हाला सोडून गाडी रिकामी परत येते, आणि डिझेल रिकाम्या गाडीलाही लागतं. उज्जैनहून परतीचं गिऱ्हाईक बहुधा मिळतं, म्हणून तिथलं एका बाजूचं भाडं आम्ही बरंच खाली ठेवू शकतो. ओंकारेश्वरहून रात्री नऊनंतर कोणी मिळत नाही. अंतराच्या मानाने तिथलं भाडं चढं वाटतं ते त्यामुळेच.

आमच्या ट्रान्सफरच्या आकड्यात टोल, विमानतळावरचं पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि ५ टक्के जीएसटी धरलेला असतो. टोल फास्टॅगवर आमच्या खात्यातून कापला जातो, त्यामुळे वाटेत कोणी टोलचे रोख पैसे मागितले तर देऊ नका, आम्हाला फोन करा. दिवसाच्या गाडीत मात्र टोल आणि पार्किंग वेगळं, भत्ता वेगळा, आणि रात्री दहा ते पहाटे सहा या वेळात गाडी चालली तर नाईट चार्ज वेगळा. इतर कोणाकडे चौकशी केलीत तर एक गोष्ट जरूर विचारा: किलोमीटर गॅरेजपासून मोजणार की विमानतळापासून? ‘प्रति किलोमीटर’ दर ऐकायला कमी वाटतो आणि गॅरेज ते गॅरेज धरल्यावर तोच फुगतो. आमचं मीटर विमानतळावर सुरू होतं.

माणसं किती, यापेक्षा बॅगा किती

इंदुरात टॅक्सीच्या बहुतेक सेडान सीएनजीवर चालतात आणि सीएनजीची टाकी डिकीत असते. म्हणजे चार माणसं आरामात बसतील, पण चार मोठ्या बॅगा बसणार नाहीत. एक मोठी, दोन लहान आणि पाठीवरच्या सॅक, एवढ्यावर डिकी भरते. अर्टिगा सात सीटर आहे खरी, पण मागची सीट उभी केली की तिच्यामागे किराण्याच्या पिशव्यांपुरतीच जागा उरते. सात सीटर म्हणजे सात माणसं आणि सात बॅगा नव्हे, हे आम्ही फोनवर सांगतो तेव्हा लोकांना वाटतं आम्ही इनोव्हा खपवतोय. खपवत नाही. पाच माणसं आणि पाच बॅगांना अर्टिगा पुरते. सहापासून पुढे इनोव्हा क्रिस्टा, नाहीतर टपावर कॅरिअर लावलेली गाडी सांगावी लागते, आणि कॅरिअर आयत्या वेळी मिळत नाही.

गुडघेदुखीचं कोणी सोबत असेल तर तेही सांगा. सेडान खाली असते. उतरताना त्रास होतो. व्हीलचेअर असेल तर सीएनजी गाडी आम्ही पाठवतच नाही.

उतरल्यावर

वेळ सांगू नका, फ्लाइट नंबर सांगा. ‘दुपारी अडीचचं विमान’ म्हटलं तर आमच्या हाती काहीच लागत नाही. नंबर असला की विमान कुठे आहे ते आम्ही बघत राहतो आणि गाडी त्या हिशेबाने निघते. विमान उशिरा आलं तर त्याचे पैसे घेत नाही. थांबण्याचा वेळ धरतो तो विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून, आणि त्यातली पहिली ६० मिनिटं मोफत.

विमान निघायच्या आधी तुम्हाला गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि मोबाइल नंबर येईल. उतरल्यावर फोन चालू करा, बॅगा घ्या आणि मगच ड्रायव्हरला फोन करा. तो पार्किंगमध्ये असतो, कारण दारासमोर गाडी उभी करून ठेवू देत नाहीत. बॅगा यायच्या आधीच बोलावलंत तर बिचाऱ्याला चकरा माराव्या लागतात. आजी-आजोबा एकटे येत असतील तर पाटी घेऊन ड्रायव्हर दारापाशी उभा राहील. फक्त आदल्या दिवशी सांगा.

बाहेर पडताच ‘उज्जैन? ओंकारेश्वर?’ विचारणारे भेटतील. त्यांच्यात चांगलेही असतात. पण गाडीची नंबरपाटी बघा. भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. तिने भाडं मारणं बेकायदेशीर, आणि अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करू शकते. आमची म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी आली तर बसू नका.

कुठे जायला किती वेळ

उज्जैन. विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे आणि सुपर कॉरिडॉर तिथून थेट उज्जैन रोडच्या दिशेला निघतो, त्यामुळे राजवाडा-रिगलच्या गर्दीत शिरावं लागत नाही. पुढे सांवेरवरून उज्जैन. एरवी सव्वा तास. उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे आणि त्यासाठी हा रस्ता सहापदरी करायचं काम हाती घेतलं आहे, तेव्हा दोन तास धरून चाला.

महाकाळाच्या भस्म आरतीसाठी येत असाल तर हिशेब वेगळा. आरती पहाटे चारला, पण रांगेत मध्यरात्रीनंतर लगेच उभं राहावं लागतं. संध्याकाळच्या विमानाने येऊन त्याच रात्री आरती गाठायची असं बरेच जण ठरवतात. विमान दोन तास लेट झालं की झोप गेली, आणि आंघोळीलाही वेळ उरत नाही. आमचं मत विचाराल तर आदल्या दुपारी उतरा. आरतीची परवानगी मंदिर समितीकडून तुम्हीच काढायची असते. ती मिळाल्यावर गाडी ठरवा, आधी नको. हॉटेल ते मंदिर रात्री गाडी हवी असेल तर ती ट्रान्सफरमध्ये येत नाही. तेवढ्यासाठी ई-रिक्षा पुरेशी आहे, आमची गाडी घेऊ नका.

श्रावणाबद्दल महाराष्ट्रातल्या ग्राहकांना मुद्दाम सांगतो. इथला श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, म्हणजे आपल्या कालनिर्णयातल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. आणि महाकाळाची सवारी, म्हणजे सोमवारी निघणारी पालखी, इथला श्रावण संपल्यावर भाद्रपदातही सुरू राहते, ती थेट आपला श्रावण संपेपर्यंत. म्हणजे गर्दी सुमारे दीड महिना. ‘श्रावण अजून लागला नाही, तोवर जाऊन येऊ’ म्हणून आलेली मंडळी नेमकी सवारीच्या सोमवारी अडकतात. सोमवारी दुपारनंतर मंदिराच्या बाजूचे रस्ते बंद होतात आणि गाडी बरीच अलीकडे थांबवावी लागते. २०२२ मध्ये महाकाल लोक, म्हणजे मंदिरालगतचा नवा परिसर, झाल्यापासून शनिवार-रविवारही तसेच भरलेले असतात. जमल्यास मंगळवार ते गुरुवार या.

ओंकारेश्वर. अंतर नव्वदच्या आत आहे, पण त्यावर जाऊ नका. सिमरोलनंतर घाट लागतो, खंडवा रोडचं चौपदरीकरण चालू आहे, बडवाहात ट्रकांची रांग असते. अडीच ते तीन तास धरा. मोरटक्क्याला नर्मदेवरचा पूल आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की वाहतूक थांबवतात, २०२३ च्या सप्टेंबरात तर पूल पाण्याखालीच गेला होता. पूल बंद असेल तर आम्ही सकाळीच कळवतो आणि ट्रान्सफर रद्द केल्याचे पैसे कापत नाही. ओंकारेश्वराचं मंदिर नदीतल्या बेटावर आहे, त्यामुळे गाडी अलीकडच्या काठावर थांबते. पुढे झुल्या पुलावरून चालत किंवा नावेने. ज्यांना चालवत नाही त्यांनी ममलेश्वराचं दर्शन आधी घ्यावं, ते अलीकडच्याच काठावर आहे.

महेश्वर आणि मांडू. दोन्ही शंभर किलोमीटरच्या आत. महेश्वरला आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरवरून धामनोद. वाटेतला गणेश घाट उतरताना आमचे ड्रायव्हर सावकाश जातात, कृपया ‘जरा दाबा’ म्हणू नका. मांडूला धारवरून जाता येतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी सगळं इंदूर मांडूला असतं.

देवास तासाभराचं. माताजींच्या टेकडीखाली सोडतो. भोपाळ सुमारे दोनशे किलोमीटर, चौपदरी रस्ता, साडेतीन-चार तास.

शिर्डी, धुळे, नाशिक अशी महाराष्ट्रात जाणारी गाडी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा. त्यासाठी ऑल इंडिया टुरिस्ट परमिटची गाडी लागते आणि तशा आमच्याकडे थोड्या आहेत. आणि हो, ‘बिजासनला भेटू’ असं कुणाला सांगाल तर कोणतं ते सांगा. एक बिजासन माता विमानतळाशेजारच्या टेकडीवर आहे, दुसरी सेंधव्याजवळ महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या घाटात.

धुकं आणि वळवलेली विमानं

डिसेंबर-जानेवारीत सकाळची विमानं धुक्याने खोळंबतात, कधी दुसऱ्या शहरात उतरवतात. विमान भोपाळला उतरवलं आणि कंपनीने तिथेच सोडलं, तर आम्हाला फोन करा. भोपाळहून देवासवरून उज्जैनला थेट येता येतं, इंदूर गाठायची गरज नाही. भाड्यातला फरक गाडी निघण्याआधी लिहून पाठवू. तुम्ही ‘हो’ म्हटल्याशिवाय गाडी हलणार नाही. विमानच रद्द झालं तर आगाऊ रक्कम पूर्ण परत.

तुमचा बेत बदलला तर विमान उतरायच्या वेळेआधी १२ तासांपर्यंत रद्द करणं मोफत. त्यानंतर आगाऊ रकमेतली निम्मी कापतो.

पैसे

भाड्याच्या वीस टक्के आगाऊ, यूपीआयने. बाकी पोहोचल्यावर ड्रायव्हरला रोख किंवा आमच्या क्यूआर कोडवर. आमचे फोन नंबर या पत्रकासोबत दिलेत तेवढेच. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरवर पैसे पाठवू नका, आणि आमच्या नावाने कुणी ओटीपी मागितला किंवा ‘रिफंडसाठी’ लिंक पाठवली तर समजा की तो आमचा माणूस नाही.

ड्रायव्हरला बक्षिसी द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न. तो मागणार नाही. सकाळच्या विमानाने आलात आणि पोहे-जलेबीसाठी थांबायचं असेल तर वीस मिनिटं आमच्याकडून. त्यालाही बोलवा, तो बहुधा पाचपासून उपाशी असतो.

दिवसभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला रात्रीच्या ट्रान्सफरला आम्ही पाठवत नाही. ठरलेला ड्रायव्हर बदलून दुसरा आला तर कारण बहुतेक हेच असतं. बदललेलं नाव आणि नंबर आधी कळेल.

परतीची गाडी

देशांतर्गत विमानांचे काउंटर सुटण्याच्या वेळेआधी ६० मिनिटांनी बंद होतात. म्हणून उज्जैनहून विमानाच्या चार तास आधी निघा, ओंकारेश्वरहून पाच, सोमवारी किंवा सुटीच्या दिवशी त्यातही तासभर जास्त. ‘एवढं लवकर जाऊन काय करायचं’ असं वाटेल, पण पहाटे सहाच्या विमानाला ओंकारेश्वरहून गाडी मागू नका. त्यासाठी रात्री एकला घाट चढावा लागतो आणि ते काम आम्ही घेत नाही. आदल्या रात्री इंदूरला येऊन राहा, विमानतळावर आम्ही पहाटे सोडू.

गाडी ठरवताना एकाच मेसेजमध्ये एवढं लिहून पाठवा: तारीख, फ्लाइट नंबर, कुठे सोडायचं त्या हॉटेलचं किंवा घराचं पूर्ण नाव आणि पत्ता, माणसं, मोठ्या बॅगा, कोणी वयस्कर किंवा लहान मूल आहे का, आणि जो प्रत्यक्ष गाडीत बसणार आहे त्याचा मोबाइल नंबर. तासाभरात ठोक भाडं लेखी येईल. रात्री दहानंतर पाठवलेल्या मेसेजचं उत्तर सकाळी सातला.