हॅनकॉक-क्लार्क हाऊस: पाडायला निघालेलं घर गावाने कसं वाचवलं

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं लेक्सिंग्टन म्हटलं की १९ एप्रिल १७७५ची पहाट आणि गावच्या मैदानावरची, ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फोडणारी चकमक एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण आदल्या रात्री जे घडलं ते मैदानाजवळच हॅनकॉक स्ट्रीटवरच्या एका साध्या लाकडी घरात, आणि ते घर आज उभं आहे ते सरकारमुळे नाही, गावातल्या लोकांच्या हिस्टॉरिकल सोसायटीमुळे. म्हणून आधी त्या घराबद्दल.

घर बांधलं स्वातंत्र्यचळवळीतला पुढारी जॉन हॅनकॉक याच्या आजोबांनी, नाव त्यांचंही जॉन हॅनकॉकच, १६९८ पासून १७५२ मध्ये वारेपर्यंत ते गावचे पाद्री होते. वडील गेल्यावर लहानगा जॉन काही काळ याच घरात आजी-आजोबांकडे राहिला, मग बोस्टनचे श्रीमंत काका थॉमस हॅनकॉक त्याला घेऊन गेले. आजोबांनंतर पाद्री म्हणून आले जोनास क्लार्क, आणि त्यांची बायको ल्युसी ही त्याच आजोबांची नात, म्हणजे जॉनची आतेबहीण. हे नातं लक्षात घेतलं की एप्रिल १७७५ मध्ये हॅनकॉक आणि चळवळीतला दुसरा पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्स इथे का उतरले होते ते कळतं, जवळच्या कॉन्कॉर्ड गावातली प्रांतिक काँग्रेस (चळवळीतल्या प्रतिनिधींची सभा) नुकतीच आटोपली होती, बोस्टनमध्ये ब्रिटिश फौज बसलेली, मग जाणार कुठे, तर हक्काच्या घरी. हॅनकॉकची काकू लिडिया आणि वाग्दत्त वधू डोरोथी क्विन्सी पण तिथेच होत्या.

मध्यरात्री पॉल रिव्हिअर ब्रिटिश सैन्य निघाल्याची खबर घेऊन बोस्टनहून घोडा दौडवत आला. दारावर पहारा देणारा सार्जंट विल्यम मन्रो म्हणाला की घरची मंडळी झोपलीयेत, आवाज करू नका, त्यावर रिव्हिअरने सुनावलं की थोड्या वेळात भरपूर आवाज होणारे, सैन्य निघालंय! मागून तीच खबर घेऊन विल्यम डॉझ पण पोचला. हॅनकॉक आणि अ‍ॅडम्सना तिथून हलवलं, आणि पहाटे कॅप्टन जॉन पार्करचे सत्तरएक मिलिशियावाले (गावातले सशस्त्र नागरिक) ब्रिटिश सैन्यासमोर मैदानावर उभे राहिले, त्यातले ८ जण मारले गेले, जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रुक हा गुलामीत असलेला कृष्णवर्णीय माणूस होता, आणि त्याचं नाव या गोष्टीत घ्यायलाच हवं. (याच वर्षी मार्चमध्ये राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करत होते, आपल्याकडचा काळ डोळ्यासमोर यावा म्हणून सांगतोय.)

आता मुद्दा असा की असं घर आपोआप टिकतं असं वाटतं, पण तसं नसतं. हॅनकॉकचं स्वतःचं बोस्टनमधलं बीकन हिलवरचं दगडी घर, काकांनी बांधलेलं, केवढं नावाजलेलं! राज्याने ते विकत घ्यावं असा प्रस्ताव १८५९ मध्ये आला आणि बारगळला, घर वाचवा म्हणून पत्रकं निघाली, तरी १८६३ मध्ये ते पाडलंच. नंतर इतकी हळहळ वाटली की १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मॅसॅच्युसेट्सने आपली इमारत त्याच घराच्या धर्तीवर उभारली, पण त्याचा काय उपयोग, मूळ घर गेलं ते गेलंच. माझ्या मते पुढे त्या भागात जुनी घरं वाचवायची जी चळवळ झाली तिच्या मुळाशी हा चटका आहे.

लेक्सिंग्टनची सोसायटी १८८६ मध्ये स्थापन झाली. दहाच वर्षांत, १८९६ मध्ये, हॅनकॉक-क्लार्क हाऊस पाडायची वेळ आली. सोसायटीने पैसे जमवून घर तर घेतलं पण ते होतं त्या जागेवर ठेवता येणार नव्हतं, म्हणून अख्खं घर उचलून रस्त्याच्या पलीकडे नेलं आणि तिथे म्युझियम केलं. घर जागेवरून हललं की त्याचा अर्थ निम्मा जातो असं म्हणणारे असतात आणि त्यात तथ्य आहे, रिव्हिअर ज्या दारात आला ते दार रस्त्याच्या या बाजूचं होतं, त्या बाजूचं नव्हे. पण तेव्हा दुसरा पर्याय म्हणजे लाकडांचा ढीग, त्यामुळे मला तरी तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. आणि लोकांनी ते अर्धवट सोडलं नाही हे महत्त्वाचं, जवळपास ८० वर्षांनी, १९७४ मध्ये, घर परत रस्ता ओलांडून मूळ जागी आणून बसवलं, तेही स्वातंत्र्याची २०० वर्षं साजरी होण्याच्या तोंडावर. त्याआधी १९७१ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला होता.

मधल्या काळात सोसायटीकडे गावातली आणखी दोन घरं आली, दोन्ही जुन्या टॅव्हर्न म्हणजे खाण्यापिण्याच्या आणि उतरायच्या जागा, बकमन टॅव्हर्न, जिथे मिलिशियावाले त्या रात्री वाट बघत बसले होते, आणि मन्रो टॅव्हर्न, जिथे त्याच दिवशी दुपारी ब्रिटिशांनी जखमींवर उपचार केले. बकमन टॅव्हर्न गावाने १९१३ मध्ये विकत घेतलं, पण चालवते सोसायटी, मालकी गावाची आणि देखभाल सोसायटीची ही व्यवस्था छान जमलीये. त्या पहाटे विल्यम डायमंडने वाजवलेला ढोल पण सोसायटीने जपून ठेवलाय.

घराच्या वयाबद्दलचा जुना समज पण सोसायटीने तपासून घेतला. मागचा छोटा भाग १६९८ चा असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं, पण तुळयांच्या लाकडातली वर्षावर्षाची वर्तुळं मोजल्यावर घर १७३७ च्या सुमाराचं निघालं, आणि आता म्युझियममध्ये तेच साल सांगतात.